रुसव्याची कॅसेट

उन्हाळा लागला आणि मी गच्चीवर जायचं बंद केलं.

जळगावच्या मेहरूणमध्ये आमच्या गल्लीत चैत्र आला की गच्च्या पांढऱ्या होतात. ओल्या लुगड्यांवर ज्वारीचे बिबडे थापलेले, कडेला कुरडयांची वेटोळी, सावलीला खाटेवर उडदाचे पापड. पहाटेच चुली पेटतात. ज्वारीचा घाटा रटरटायला लागला की त्याचा आंबूस वास तलावाकडच्या वाऱ्याबरोबर सरळ घरात शिरतो. दार लावून घेतलं तरी फटीतून येतो. वासाला कोण अडवणार?

शेजारच्या शांताबाईने तेव्हा दारातून हाक मारली, "आबा, वर चला ना. काठी घेऊन बसा जरा. कावळे लई मातले यंदा."

"खाऊ दे त्यांना," मी म्हणालो.

"अहो, दरवर्षी तुम्हीच तर राखण करता! ऊन डोक्यात गेलं का काय?"

"ऊन नाही गेलं. दुसरंच गेलंय." आणि मी दार लावलं. मागून तिचं पुटपुटणं ऐकू आलं. पुटपुटू दे. मी पहिल्यापासून तोंडाचा फटकळ, ते गल्लीला माहीत आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेला. लिहायची सवय नाही. पण बोलायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. माझी बायको सिंधू मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्यावर मला राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी यावं आणि मग म्हणावं.

आमची मुलगी मंगल लग्न होऊन धुळ्याला गेली, त्यानंतरचे दोन उन्हाळे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, असं मी यंदापर्यंत सगळ्यांना सांगायचो. घरात आम्ही दोघंच. मी कामावरून यायचो तेव्हा सिंधू गच्चीवर असायची. डोक्याला ओला पंचा, कोपरापर्यंत पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. समोर पोळपाट आणि भोवती पापडच पापड. आमच्यापुरते नव्हे, गावाला पुरतील एवढे. उडदाच्या पिठाचा तेल लावून कुटलेला गोळा, त्याच्या दोऱ्याने कापलेल्या लाट्या. त्यातली एक लाटी ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची. तेलात बुडवलेली ती कच्ची लाटी जिभेवर चिकटते, मिरी नाकात जाते, आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरी मागावीशी वाटते. ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून कळणार नाही.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. मी तिला म्हणायचो, "एवढा पापड कोन खाई वं?"

"खातीन लोके. तुम्ही लाटी खा नि गप बठा."

"दुकान टाकानं शे का?"

"टाकसू. तुम्हले गल्ल्यावर बसाडसू. गिऱ्हाईक पळी जाई तुम्हनं तोंड पाहीसन."

असं चालायचं. मी काठी घेऊन कावळे हाकायचो, ती लाटायची. खाली रस्त्यावर उसाच्या गाडीचं घुंगरू वाजायचं. मी एकदा विचारलं की लोकांच्या ऑर्डरी घेऊन एवढं लाटते, कशासाठी? म्हणाली, "मंगल गेल्यापासून वेळ जात नाही." मला पटलं. माझाही जात नव्हता. तिचा खांदा दुखायचा, ती तो भिंतीला टेकवून घासायची. मी म्हणायचो, तुला कोणी सांगितलंय हे? ती म्हणायची, "कोणी नाही. माझीच हौस."

हौस! हा शब्द आता माझ्या घशाखाली उतरत नाही.

ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हटलं की ती आत पळायची. सापडला तो एक, त्यात ती मंदिराच्या पायऱ्यांवर सात बायांच्या मागे उभी, कपाळ आणि अर्धा डोळा. दहाव्याला तोच कापून, मोठा करून ठेवला. आलेल्या बाया विचारत होत्या, ही कोण? मी म्हणालो, हीच. पण मलाही ती वाटत नव्हती. वर्षश्राद्धापर्यंत तिचा चेहरा नीट दिसेल असं काहीतरी मिळवायचं, एवढंच मी मनात धरलं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

मग आठवली ती मंगलच्या लग्नाची कॅसेट.

तेव्हा गावात व्हिडिओ शूटिंग नवीन होतं. कॅमेरा खांद्यावर, त्याची वायर दुसऱ्याच्या गळ्यातल्या मशिनला, आणि तिसरा हातात डोळे फोडणारा लाईट घेऊन पुढे. तो लाईट तोंडावर आला की माणसं जागच्या जागी उभी राहायची, फोटो असल्यासारखी. व्हिडिओवाला सांगून थकला, "अहो, हला की! हलणारं चित्र आहे हे." आमची माणसं काही हलली नाहीत. शूटिंग ठरवायचं नवऱ्याकडच्यांनी. त्यामुळे ओरिजिनल कॅसेट त्यांची, आणि त्यावरून गाणी भरून केलेली कॉपी आम्हाला. तशीच रीत होती. आमच्याकडे ती कॉपीही आली ती त्यांच्या पाव्हण्यांच्या कॉपीवरून काढलेली.

त्या कॉपीत सगळ्यांचे चेहरे लाईटने जळालेले. तोंडाच्या जागी थापलेला बिबडा, आणि त्यावर दोन काळे ठिपके. लाल शालूचा रंग शालूतून बाहेर सांडून शेजारच्याच्या धोतरापर्यंत गेलेला. खाली सारखी थरथरती पट्टी. आवाज कोणाचाच नाही, सगळीकडे सिनेमाची गाणी. तरी आम्ही पाहायचो. उन्हाळ्यात गल्लीत भाड्याने व्हीसीआर आला की मी सगळ्यांना दम द्यायचो, "आधी माझ्या मंगलचं लगीन, मग तुमचा पिक्चर."

त्यात सगळ्यात जास्त हशा व्हायचा तो विहिणीच्या रुसव्याला. आमच्याकडे लग्नात विहीण रुसते. रुसायचंच असतं. मग मुलीच्या आईने हात जोडायचे, पाया पडायचं, साखर भरवायची, बायांनी विहिणीला चिडवणारी गाणी म्हणायची, की रुसवा मिटला. व्हिडिओवाल्यांनाही हे ठाऊक, ते त्यासाठी टपूनच असायचे. आमच्या कॅसेटीत विहीण तोंड फिरवून बसलेली, आणि सिंधू तिच्यापुढे हात जोडून, मग वाकून पाया पडणारी. वर नाचाचं गाणं. मी दरवर्षी ओरडायचो, "बघा, कशी हात जोडते! मला जन्मात जोडले नाहीत!" गल्ली हसायची. सिंधूही हसायची, पदर तोंडात धरून. म्हणायची, "पुरे करा ते. तेच तेच काय बघायचं?"

ती माझ्या शेजारी बसून हसली आहे. एकदा नाही, कितीतरी उन्हाळे.

जळगावात स्टँडजवळ रफिकचं दुकान आहे. आधी भाड्याने कॅसेटी द्यायचा, आता कॅसेटीतलं चित्र कॉम्प्युटरात घेऊन सीडी करून देतो. बोलायला गोड, धंद्याला पक्का. मी कॅसेट दिली तर म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. चित्र एवढं साफ करतो, काकू काल शूटिंग केल्यासारख्या दिसतील."

चार दिवसांनी गेलो. त्याने पडद्यावर दाखवलं. थरथरती पट्टी गेली होती. रंग शालूच्या आत आला होता. आणि सिंधूच्या जागी मेणाची बाहुली उभी होती. गुळगुळीत, गोरी, कॅलेंडरवरच्या देवीसारखी.

"ही कोण?" मी विचारलं.

"काकू."

"तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. तीन ठिपके. कुठे गेलं?"

रफिकने डोकं खाजवलं. "ते... कॉम्प्युटरने डाग समजून पुसलं असेल."

"तुझ्या कॉम्प्युटरच्या तोंडावर डाग! बायकोचं गोंदण पुसतो?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रफिक हसला, मग स्टूल पुढे केलं. "बसा काका. खरं सांगू का? ही कॉपीची कॉपी. दर कॉपीला चित्र थोडं मरतं. मी रंग वाढवीन, कडा ओढीन, पण जे टेपवर उतरलंच नाही ते आणू कुठून? ते मशीन मनाने भरतं, म्हणून बाहुली होते. गोंदण पाहिजे ना? मग ओरिजिनल आणा. कितीही खराब असू द्या. बुरशी असली तरी चालेल. पण तीच आणा."

मी मंगलला फोन केला. ती म्हणाली, "आबा, ती कॅसेट उंदरांनी कुरतडली." बरं म्हटलं. आठ दिवसांनी पुन्हा केला, की अर्धी का होईना, दे. तर म्हणाली, "ती नणंदेने नेली, तिच्याकडेही सापडत नाही." फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की उंदरांनी खाल्लेली कॅसेट नणंद नेईल कशाला? मी कमी शिकलो, पण एवढं कळतं. दुसऱ्या दिवशी न सांगता धुळ्याची एसटी धरली.

व्याही मूळचे सोनगीरचे. किल्ल्याखाली त्यांचं अजून घर आहे, पण राहतात धुळ्यात. म्हातारा साधा आहे. मी कॅसेटचं विचारलं तर म्हणाला, "ती? माळावर पडेल व्हई. कोन पाहस तिले? तिम्हा गानाबी नहीत." आणि स्टूल घेऊन स्वतः माळ्यावर चढला. विहीणबाई कुठे कीर्तनाला गेल्या होत्या. मंगल पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, सासऱ्यांच्या हातात कॅसेट पाहिली आणि बशी हातातच धरून उभी राहिली.

"आबा, बुरशी लागलीय तिला. कशाला नेता?"

"उंदीर म्हणाली होतीस तू."

पोहे तसेच राहिले. मी निघालो तेव्हा पिशवी घेऊन मागे आली, "मीपण येते जळगावला." एसटीत पारोळा गेलं, एरंडोल जवळ आलं. बाहेर कापून नेलेल्या गव्हाची रिकामी वावरं, लिंबाखाली बसलेली गुरं, आणि खिडकीतून भट्टीसारखी हवा. मग ती हळूच म्हणाली, "आबा, ती नका बघू."

"का?"

"आईला आवडायचं नाही."

"तुझ्या आईचं तोंड मला बघायचं नाही तर कोणी बघायचं?"

ती खिडकीकडे वळली. मला वाटलं, रडते आईच्या आठवणीने.

रफिकने कॅसेटीचे स्क्रू काढले. आतली काळी पट्टी कडेने पांढरी झाली होती, पीठ शिंपडल्यासारखी. त्याने ती हळूहळू ओढत, औषधात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसली. सगळी पुसायला त्याला दोन दिवस लागले. मंगल माझ्याकडेच राहिली होती. घरात भांडी घासायची, आईच्या पातळांच्या घड्या उलगडून पुन्हा घालायची, माझ्याकडे बघायची नाही. मग रफिकने बोलावलं, आम्ही दोघं गेलो. पट्टी नव्या खोक्यात बसवलेली, मशिनचं डोकं साफ केलेलं, चांगला जुना व्हीसीआर काढलेला. म्हणाला, "आता काही लावलं नाही बरं का काका. गुळगुळीत नाही, काही नाही. आहे तसं."

आणि सिंधू दिसली.

कशी सांगू? नऊवारीचा पोपटी रंग. नखांत हळद. कपाळावर घामाने ओघळलेलं कुंकू. हनुवटीवर तीन ठिपके. कानाजवळचा एक पांढरा केस, जो तेव्हा मला जवळ असूनही दिसला नव्हता. कॉपीत लाईटने जे जळून गेलं होतं ते सगळं ओरिजिनलमध्ये होतं. गाणी नव्हती. मांडवातला गलका, भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी पोर रडत होतं. मी रफिकचा हात धरला. म्हणालो, "हीच. हीच आहे."

मंगल उठली. "आबा, चला आता. बाकीचं घरी बघू."

"बस खाली."

मग रुसवा आला. मी हसायच्या तयारीत होतो, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांची सवय. विहीण तोंड फिरवून बसलेली. लाईट पुढे गेला. आणि विहिणीच्या कपाळाच्या शिरा दिसल्या. ती रुसलेली नव्हती. ती भडकलेली होती. तिचा आवाज आला, स्पष्ट:

"'टीव्ही देसू' अशे बोलनात तुम्हना जेठ. कलर टीव्ही. मंग कोठे शे? नहीतर वरात आशीच परत जाई. पोर ठेवा तुम्हनाच घर."

सिंधूचा जेठ म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला नाना म्हणतो. वरणगावला नोकरीला होता, शिकलेला, म्हणून मंगलची सोयरीक मी त्याच्यावर सोपवली होती. टीव्हीचं एक अक्षर त्याने मला सांगितलं नव्हतं. चित्रात तो मागे उभा होता. हातातल्या घड्याळाकडे बघत होता. कॉपीत तो फक्त एक राखाडी डाग होता.

सिंधूने हात जोडले. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून हनुवटीच्या ठिपक्यांवर. व्हिडिओवाल्याला वाटलं रीत चाललीय, त्याने कॅमेरा आणखी जवळ नेला. मागून एक बाई हसत म्हणाली, "पडा पाया, पडा!" सिंधू वाकली आणि विहिणीचे पाय धरून बोलली. हळू बोलली, पण व्हिडिओवाला जवळ होता.

"टीव्ही मी देसू. पुढला उन्हाळापावत देसू, मन्ही आन शे. पन त्यास्ले नका सांगू. त्या मांडव मोडी टाकतीन."

टीव्ही मी देते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत देते, माझी शपथ. पण त्यांना सांगू नका, ते मांडव मोडून टाकतील. ते म्हणजे मी.

शेजारी मुंडावळ्या बांधलेली मंगल. मान खाली, पण ऐकत होती. कॅसेटीतली ती आणि दुकानातली ही, दोघींची मान सारखीच खाली.

कॅमेरा बंद झाला नाही. सिंधू उठली, पदराने तोंड पुसलं, एकदा नाही, दोनदा घासून पुसलं. मग वळली. पंगतीकडे वळली. आणि तिने चेहऱ्यावर हसू आणलं. दिव्याची वात पुढे सारावी तसं, बोटाने सारल्यासारखं. कारण पंगतीतून तुपाचं भांडं घेऊन कोण येत होतं? मी. टोपी मागे सरकलेली, वरण-बट्टीवर तूप वाढून हात तुपट. मी विचारतोय, "काय वं, काय झायं?"

"काही नही. विहीण रुसन्यात. रीत शे."

"मंग साखर भरव ना!" असं म्हणून मी हसलो, आणि पुढच्या पंगतीकडे निघून गेलो.

रफिकने मशीन थांबवलं. त्याला अहिराणी येते. तो उठून पाणी आणायला गेला, तो बराच वेळ आला नाही.

मी मंगलला म्हणालो, "तुला माहीत होतं."

"आईने शपथ घातली होती."

"आई गेली. तरी शपथच?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर..."

"तर काय?"

"तुम्हालाच माहीत, आबा."

तेच नाना म्हणाला. मी वरणगावला जाऊन त्याच्या ओट्यावर उभा राहिलो. तो आता रिटायर झालाय, कुंड्यांना पाणी घालत होता. म्हणाला, "अरे, जुळत आलेलं स्थळ होतं. बोलण्याच्या भरात बोललो असेन. मला वाटलं पुढे बघू. तुला विचारलं असतं तर तू त्यांच्या तोंडावर नाही म्हटला असतास."

"म्हटलं असतं."

"मग?"

पाणी कुंडीतून खाली सांडत होतं तरी तो घालतच राहिला. वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, चहा ठेवलाय." मी चहा न घेता परत आलो. त्याच्या त्या 'मग'वर घालायला माझ्याकडे एक शिवी होती, ती मी घातली. दुसरं काही नव्हतं.

आता सांगा, गच्चीवर मी कसा जाऊ? ते दोन उन्हाळे कोणीतरी माझ्या हातातून काढून घेतले. तेच बिबडे, तीच खाट, तीच मिरीचा झणका असलेली लाटी. पण ती गल्लीसाठी लाटत नव्हती, वेळ जावा म्हणून लाटत नव्हती. ती टीव्ही लाटत होती. एकेक पापड विकून; त्या पैशांचं काय होतं ते मी कधी विचारलं नाही. आणि मी शेजारी बसून कावळे हाकत होतो, तिच्यावर विनोद करत होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात तिला ताप भरला होता, तरी उठून पोळपाटाशी बसली. मी ओरडलो, "काय मरायचंय का पापडांपायी?" ती म्हणाली, "एवढी ऑर्डर होऊ द्या." त्या दिवाळीला मंगलचं पत्र आलं की सासरी कलर टीव्ही आला. मी गल्लीत सांगत फिरलो, माझे व्याही दिलदार, पोरीच्या पायगुणाने घरात टीव्ही आला. सिंधू दारात उभी राहून ऐकत होती.

पुढे दर दिवाळीला आम्ही धुळ्याला जायचो. लाकडी खोक्यातला टीव्ही, सरकती दारं. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचो आणि विहीणबाईंना सांगायचो, "टीव्ही असावा तर असा." विहीणबाई म्हणायच्या, "बसा, बसा, पाहा निवांत." सिंधू पाणी प्यायला आत जायची. कोणाच्याही तोंडातून शब्द नाही. चहा यायचा, फराळ यायचा, सगळं गोड. घरात एकच माणूस होता ज्याला काही माहीत नव्हतं, आणि तो मधोमध बसवलेला होता.

मी रात्रंदिवस विचार केला आहे, खरंच मांडव मोडला असता का मी? खरं सांगतो, मला माहीत नाही. मी रागीट आहे. नानाची गचांडी धरली असती हे नक्की. विहिणीला दोन शब्द सुनावले असते. वरात परत गेली असती, कदाचित. किंवा कदाचित मंगलच्या मुंडावळ्यांकडे बघून मीही वाकलो असतो. सिंधूच्या शेजारी मीही पाय धरले असते. कसं सांगू? ज्याला विचारलंच नाही त्याने काय केलं असतं, हे तो स्वतःसुद्धा कसं सांगणार? पण तिने ठरवून टाकलं होतं. सगळ्यांनी ठरवलं होतं. भाऊ, मुलगी, व्याह्यांचं घर, यांनी माझ्यापासून लपवलं त्याचा राग आहेच, तो माझ्याबरोबर जाईल. पण जिच्याबरोबर मी एका ताटात जेवलो, तिनेही मला त्या पंगतीत पाहुण्यासारखं बाहेर ठेवलं. माझा राग तिने ओळखला. माझं दुसरं काही ओळखलं नाही का?

पावसाळा लागला, वर्षश्राद्ध जवळ आलं. रफिकने निरोप पाठवला. मी आणि मंगल गेलो. तो म्हणाला, "काका, एका सीडीत एवढं मावत नाही. काय ठेवू, काय काढू?"

मंगल लगेच म्हणाली, "तो भाग काढा. सप्तपदी ठेवा, आहेर ठेवा."

"आणि फोटोचं काय?" रफिक म्हणाला. "भिंतीवर लावायला पाहिजे होता ना? एक फ्रेम एकदम साफ आहे. हसताना. डोळे उघडे, तोंड समोर. याच्यापेक्षा चांगली मिळणार नाही." त्याने ती पडद्यावर थांबवली. ती वळल्यानंतरची. माझ्याकडे बघून आणलेलं हसू.

खरंच साफ होती. गोंदण दिसत होतं. बघणारा म्हणाला असता, काय समाधानी बाई. मंगलने तोंडाला पदर लावला. "हाच लावू आबा. किती छान दिसतेय."

"हा तू ने तुझ्या घरी," मी म्हणालो. "तुमच्या घराला शोभेल." मग रफिकला म्हणालो, "थोडं मागे घे."

"मागे? मागे तर काकू..."

"माहीत आहे. घे."

त्याने मागे घेतलं. हात जोडलेले, गाल ओले, तोंड अर्धं उघडं, बोलता बोलता थांबलेलं. "हा काढून दे. मोठा. आणि पुसू नकोस काही. एक ठिपका पुसला तर बघ. सीडीत सप्तपदी नाही आली तरी चालेल. हे सगळं राहू दे, आवाजासकट."

"लोक काय म्हणतील आबा? श्राद्धाला रडणारा फोटो?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

वर्षश्राद्धाला सगळे आले. नाना दारातून फोटो बघून ओट्यावरच बसला, आत आला नाही. व्याही नमस्कार करून गेले, फोटो कोणत्या क्षणाचा ते त्यांना कळलं नाही, बिचारे. विहीणबाई गुडघे धरत हळूहळू पुढे आल्या, हार घालायला हात वर केला, आणि तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहत होतोच. माझ्या जन्मात पहिल्यांदा मी मांडवात गप्प बसलो. शेवटी शांताबाईने त्यांच्या हातातून हार घेतला आणि घातला.

सगळे गेले. भांडी गेली, सतरंज्या गेल्या. आता घरात मी आणि ती. सकाळी चहा केला की मी तिच्यासमोर बसतो. चित्र स्वच्छ आहे. तोंड अर्धं उघडं आहे, शब्द ओठांवर आलेला दिसतो, पण तो दुसऱ्याला उद्देशून आहे. मी स्टूल थोडं सरकवून बसतो, तिच्या नजरेच्या समोर येईल असं. आणि म्हणतो, सिंधू, मी काही मोडत नाही. बसलोय इथेच. आता मला सांग.